चिनी मातीच्या पुतळ्या: घाट, झिलई आणि भट्टी

ह्या व्याख्यानासाठी आम्ही विषय कळविला, तेव्हा चिटणिसांनी मुद्दाम फोन करून तो आपण बरोबर ऐकला ना, ह्याची खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. कामगार संघटनेत हयात घालविलेला माणूस बोलावयास उभा राहिला, म्हणजे महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत नाहीतर बंद पडलेल्या गिरण्या ह्यांवर बोलणार, असेच कोणीही धरून चालेल. आणि आम्ही तर अठराव्या शतकातल्या युरोपात राजेरजवाड्यांच्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या जाणाऱ्या वीतभर उंचीच्या पुतळ्यांवर बोलतो म्हणालो! परंतु ह्या विषयाकडे आम्ही आलो ते आमच्या कामाच्याच वाटेने.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका चिनी मातीच्या कारखान्यात आम्ही संघटनेचे काम करीत होतो. तेथे कपबश्या आणि विजेच्या खांबांवरचे पांढरे इन्सुलेटर तयार होत. भट्टीवरच्या एका वयस्क कामगाराने दुपारच्या सुट्टीत आम्हांला बाद मालाचा ढीग दाखविला. त्यातला एक कप उचलून तो म्हणाला, "हा कुणाच्या हातानं वाकडा झालेला नाही. आत गेला तेव्हा सरळ होता. आगीत बसला." आगीत बसला, हे शब्द आमच्या मनात घर करून राहिले. पुढे एका परिषदेच्या निमित्ताने हैदराबादला गेलो असता सालारजंग संग्रहालय पाहिले. तेथे ठोके देणाऱ्या सुप्रसिद्ध घड्याळापुढे ही गर्दी. युरोपीय चिनी मातीच्या कपाटांपुढे मात्र आम्ही आणि पहारेकरी असे दोघेच. काचेआडच्या त्या नाजूक मंडळींकडे पाहताना पहिला विचार मनात आला तो हाच की, ही आगीत बसली कशी नाहीत? आधार नसताना तो हात वर राहिला कसा? त्या प्रश्नाच्या मागे लागून पुढची काही वर्षे सुचेल ते आणि मिळेल ते वाचीत गेलो. शालेय शिक्षण सातवीत सुटलेल्या माणसाचे वाचन असेच, एका प्रश्नाला धरून चालते.

त्या वाचनातून हाती लागलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो. ह्या पुतळ्यांकडे लोक कलावंताची लहर म्हणून पाहतात. पण त्यांचा घाट कलावंताने जेवढा ठरविला, तेवढाच भट्टीनेही ठरविला. आणि त्यांच्या अंगाचा जो पोत आपल्याला भुलवितो, तो कुंचल्याइतकाच झिलईचा आणि झिलई देणाऱ्या हातांचा आहे.

पोर्सेलिन, म्हणजे खरी चिनी माती, ही चीनची विद्या. जिंगडेझेन हे तिचे मोठे केंद्र, आणि त्याच्याजवळच्या गाओलिंग ह्या टेकडीच्या नावावरूनच केओलिन हे पांढऱ्या मातीचे नाव जगभर गेले. युरोपातले व्यापारी हा माल जहाजे भरभरून नेत, पण तो होतो कसा हे त्यांना शतकानुशतके उमगले नव्हते. आंत्रकोल नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १७१२ आणि १७२२ मध्ये जिंगडेझेनहून लिहिलेल्या पत्रांत तिथली कामाची रीत वर्णिली आहे. एक भाजलेले भांडे सत्तर कामगारांच्या हातांखालून जाते असे तेथे सांगतात, ही गोष्ट त्याने नोंदवून ठेवली. हा आकडा ध्यानात असू द्यावा.

युरोपात ह्या मालाचे वेड सगळ्यांत अधिक कोणाला असेल, तर सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा ऑगस्टस ह्याला. त्याने १७१७ मध्ये प्रशियाच्या राजाकडून १५१ चिनी भांडी घेतली आणि मोबदल्यात आपल्या सैन्यातले ६०० घोडेस्वार दिले. माणसे देऊन बरण्या घेतल्या! त्या बरण्यांना आजही 'ड्रॅगून बरण्या' म्हणतात, कारण ते शिपाई ड्रॅगून होते. त्या सहाशेंपैकी एकाचेही मत कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

ह्याच राजाच्या कैदेत योहान फ्रीडरिख ब्योटगर हा तरुण होता. तो बर्लिनमध्ये औषधे करणाऱ्याकडे उमेदवारी करीत असे आणि आपण सोने करू शकतो अशी बढाई त्याने मारली होती. १७०१ मध्ये तो सॅक्सनीत पळून आला, तो थेट ऑगस्टसच्या हाती सापडला. सोने काही झाले नाही. परंतु चिर्नहाउस ह्या विद्वानाच्या मार्गदर्शनाखाली आणि खाणी व भट्ट्या ह्यांची जाण असलेल्या कामगारांच्या साहाय्याने १७०८-०९ च्या सुमारास पांढऱ्या पोर्सेलिनची कृती साधली. १७१० मध्ये माइसेन येथील आल्ब्रेख्ट्सबुर्ग ह्या किल्ल्यात कारखाना सुरू झाला. किल्ला निवडला तो शोभेसाठी नव्हे; आतले गुपित बाहेर जाऊ नये म्हणून. कामगारांना शपथा होत्या. तरी गुपित फुटायचे ते फुटलेच. १७१९ मध्ये श्ट्योल्त्सेल नावाचा जाणकार कामगार व्हिएन्नाला निघून गेला आणि वर्षभरात परतला, तो हेरोल्ट ह्या रंगाऱ्याला बरोबर घेऊन. माइसेनचे रंग पुढे गाजले ते ह्या हेरोल्टमुळे. ब्योटगर स्वतः १७१९ मध्ये अवघ्या ३७ व्या वर्षी वारला.

आता माती. खऱ्या, कठीण पोर्सेलिनमध्ये तीन वस्तू मुख्य: केओलिन, फेल्डस्पार आणि गारेचे पीठ. केओलिनमुळे आकार धरतो. फेल्डस्पार आगीत वितळून काचेसारखा होतो आणि सगळ्याला एकजीव करतो. एकदा सुमारे ९०० अंशांवर भाजून घ्यावयाचे, झिलईत बुडवावयाचे, आणि मग सुमारे १४०० अंशांवर पुन्हा भाजावयाचे. ह्या दुसऱ्या आगीत वस्तू काही काळ मऊ पडते. अगदी लोण्यासारखी नव्हे, पण स्वतःचे वजन तोलताना ती कुरकुरते एवढे खरे. शिवाय ती आटते. उंची जवळजवळ एक षष्ठांशाने कमी होते. साच्यातून ३० सेंटिमीटरची निघालेली पुतळी भट्टीतून २५ ची होऊन येते. ह्यातून एक गंमत निघते. जुन्या पुतळीवरूनच साचा काढून कोणी नक्कल केली, तर ती नक्कल मूळ पुतळीहून तेवढी लहान भरते. लबाडी मोजपट्टीने उघडी पडते.

हे आटणे आणि बसणे कलावंताला कसे नमविते, ह्याचा धडा योहान योआखिम केंडलर ह्या शिल्पकाराला लौकरच मिळाला. तो १७०६ मध्ये जन्मला, १७३१ मध्ये माइसेनला आला आणि १७७५ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला. ऑगस्टसला ड्रेस्डेनमधल्या आपल्या जपानी महालासाठी पोर्सेलिनचे प्राणी हवे होते, तेही शक्य तेथे खऱ्याच्या मापाचे. सिंह, बकऱ्या, मोर, गिधाडे. केंडलरने ते घडविले, आणि आजही त्यांतल्या कित्येकांच्या अंगावर भेगा दिसतात. एवढ्या जाड मातीचा आतला भाग आणि बाहेरचा भाग एका वेळी वाळत नाही, एका वेळी आटत नाही, आणि मग भट्टी आपली सही करून जाते. हे प्राणी पुन्हा आगीत घालण्याची छाती होईना, म्हणून त्यांतल्या पुष्कळांवर रंग भाजला नाही, वरूनच लावला. तो पुढे निघूनही गेला. आम्हांला त्या पांढऱ्या, तडकलेल्या बकऱ्यांची छायाचित्रे फार आवडतात. राजाची हौस आणि मातीची मर्यादा ह्यांची झटापट त्यांत समोरासमोर दिसते.

मातीला सोसेल असे माप सापडले ते जेवणाच्या टेबलावर. दरबारी मेजवानीत शेवटच्या गोडाच्या वेळी टेबलावर साखरेच्या पुतळ्या मांडण्याची रीत युरोपात जुनी होती. हलव्याचे दागिने पाहिलेल्यांना साखरेची ही कारागिरी निराळी सांगावयास नको. साखरेच्या बागा, साखरेची देवळे, साखरेचे मेंढपाळ. ते ओले होत, पिवळे पडत, मुंग्या लागत. १७३० नंतर त्यांची जागा पोर्सेलिनने घेतली, आणि दरबारात ह्या पुतळ्या ठेवल्या जात त्या मिठाईखान्यातच.

टेबल ही गोष्ट विसरून ह्या पुतळ्यांचा घाट कळणार नाही. कोनाड्यातली मूर्ती समोरून पाहावयाची असते. टेबलावरची पुतळी चहूबाजूंनी पाहिली जाते. पाहुणे सगळीकडून बसलेले, मधे पुतळी. तिला पाठ असून चालत नाही. म्हणून डोके एकीकडे, खांदे दुसरीकडे, कंबर तिसरीकडे अशी ती मुरडते आणि प्रत्येक पाहुण्याच्या वाट्याला काहीतरी देते. त्यातून ह्या काळाची आवडच वळणाची होती. रोकोको हा शब्द फ्रेंच 'रोकाय' ह्यावरून आला. बागेतल्या कृत्रिम गुहांना शिंपले आणि खडे लावून केलेले काम म्हणजे रोकाय. त्या शिंपल्यांचा वाकडातिकडा, दोन बाजू सारख्या नसलेला आकार खुर्च्यांत, आरशांच्या चौकटींत, भिंतींवर आणि शेवटी पुतळ्यांच्या बैठकींत शिरला. इंग्रज चित्रकार होगार्थ ह्याने तर १७५३ मध्ये ग्रंथ लिहून नागमोडी रेघ हीच सौंदर्याची रेघ असे प्रतिपादन केले.

पण ही मुरड सुंदर दिसणे निराळे आणि भट्टीत उभी राहणे निराळे. कपाटापुढे उभे राहून एक गोष्ट पडताळून पाहावी. घेरदार झग्यातल्या स्त्रिया सुट्या उभ्या असतात. पुरुषांच्या मागे मात्र हटकून झाडाचा बुंधा, खडक नाहीतर कुत्रा असतो. हे निसर्गप्रेम नव्हे. झगा आतून पोकळ असतो, घंटेसारखा, आणि घंटा स्वतःचा भार स्वतः पेलते. दोन बारीक पायांवर उभ्या असलेल्या पुरुषाचे घोटे त्या आगीत दगा देतात, म्हणून त्याच्या पोटरीला बुंध्याचा टेकू. घरादारात जो कोणाला आधार देण्याच्या गोष्टी करतो, त्याला येथे लाकडाचा ओंडका लागतो, ह्याची आम्हांला मौज वाटते. पसरलेल्या हातांना भट्टीत त्याच मातीच्या काटक्यांचे टेकू देत, म्हणजे तेही पुतळीबरोबरच सारखे आटत. भाजून झाल्यावर ते काढून टाकीत.

आता पुतळी होते कशी ते पाहू. शिल्पकार प्रथम माती किंवा मेण ह्यांत नमुना करतो. मग हा नमुना चक्क कापतात. डोके, हात, पाय, धड, टोपी, हातातली टोपली, सगळे सुटे. प्रत्येक तुकड्याचा प्लास्टरचा साचा, तोही बहुधा दोन किंवा अधिक फाकांचा. एका पुतळीला दहावीस तुकडे आणि मोठ्या समूहाला त्याहून कितीतरी अधिक. माइसेनमध्ये साच्यात मातीची पोळी हाताने दाबून बसवीत. इंग्लंडमध्ये चेल्सी येथे पातळ कालविलेली माती साच्यात ओतीत. प्लास्टर पाणी शोषून घेई, कडेला साय धरावी तसा थर जमे, आणि उरलेले ओतून टाकीत. म्हणून चेल्सीच्या पुतळ्या आतून गुळगुळीत आणि हलक्या, माइसेनच्या आतून बोटांचे ठसे असलेल्या.

साच्यातून निघालेले तुकडे म्हणजे अजून पुतळी नव्हे. येथून पुढचे काम जोडणाऱ्याचे. पातळ मातीने तो तुकडे चिकटवितो, सांधा पुसून काढतो, साच्यात बोथट झालेली नाकाची कड, पापणी, केसांची बट, बोटांमधली फट पुन्हा कोरून काढतो. बैठकीवरची पाने आणि फुले तो एकेक पाकळी चिमटीत दाबून करतो. मानेचा कल किंचित बदलला तर लाजणारी स्त्री रुसलेली दिसू लागते, आणि मान बसविणारा नमुना करणाऱ्यापासून दोन दालने दूर असतो. पेणच्या कारखान्यांत साच्यातून काढलेल्या गणपतीवर हात फिरविणारे कारागीर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे लगेच पटेल. एकाच साच्याच्या दोन पुतळ्या शेजारी ठेवल्या तर एक जिवंत वाटते आणि एक मठ्ठ, त्याचे कारण बहुतेक वेळा हा जोडणारा असतो. फ्रान्समध्ये व्हँसेनच्या कारखान्यात तर सुट्या फुलांचे निराळे खातेच होते आणि त्यात स्त्रिया व मुली काम करीत. शतकाच्या उत्तरार्धात माइसेनला खरी जाळीदार लेस पातळ मातीत बुडवून पुतळीच्या अंगावर नेसविण्याची युक्ती निघाली. आगीत सूत जळून जाते आणि मातीची जाळी तेवढी उरते. आमच्या मते ही युक्ती हुशारीची आहे, रसिकतेची नव्हे. मातीने मातीसारखे वागण्यात जी मजा आहे ती तिने घालविली. पण हे आमचे मत.

घाटाविषयी इतके, आता पोत. झिलई ही वस्तू मोठी फसवी. ती चकाकी देते, आणि त्याच वेळी खळगे भरून काढते, कडा बोथट करते. भिंतीला जाड चुना दिला की खालचे कोरीवकाम बुजते, तसेच. म्हणून चांगला शिल्पकार झिलई काय काय गिळणार, हे आधीच हिशेबात धरून नमुना जरुरीपेक्षा खोल आणि धारदार कापतो. केंडलर हे जाणून होता. त्याच्या हार्लेक्विनच्या, म्हणजे इटलीतल्या कोमेदिया देल्लार्ते ह्या फिरत्या नाटकांतल्या विदूषकाच्या, पुतळ्या पाहाव्यात. सुरकुत्या रुंद आणि ठाम, अंग पिळलेले, तोंड वेडावणारे. रंगही तसेच: काळा, पिवळा, विटकरी लाल, आणि त्यांच्यामध्ये मोकळी सोडलेली पांढरी माती. हे रंग झिलईच्या वर देऊन पुन्हा सुमारे ८०० अंशांच्या सौम्य आगीत भाजतात. कठीण पोर्सेलिनची झिलई त्या आगीत वितळत नाही, म्हणून रंग तिच्यावर बसून राहतो. बोट फिरविले तर तो किंचित लागतो. स्त्रियांच्या झग्यांवर जी फुले रंगविली जात, त्यांना माइसेनमध्ये 'हिंदी फुले' म्हणत. फुले चिनी-जपानी धाटणीची. पण माल ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांतून येई, म्हणून नाव आपले! आपल्या देशाचे नाव कोणकोणत्या मालावर चिकटले ह्याचा एक निराळाच इतिहास होईल.

मेणबत्त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे. विजेच्या पांढऱ्या उजेडात ही चकाकी डोळ्यांवर येते. हलत्या ज्योतीच्या उजेडात ती पुतळीच्या अंगावरून सरकते, आणि स्थिर पुतळी श्वास घेतल्यासारखी दिसते.

हा उजेडाचा खेळ सगळ्यांत चांगला कोणाला उमगला असेल, तर तो फ्रान्त्स आंटोन बुस्तेली ह्याला. बव्हेरियाच्या कारखान्यात तो १७५४ मध्ये आला आणि १७६३ मध्ये वारला. उणीपुरी नऊ वर्षे. १७६१ मध्ये हा कारखाना निम्फेनबुर्ग येथे हलला आणि त्याच नावाने ओळखला जातो. १७६० च्या आसपास बुस्तेलीने कोमेदियातल्या १६ पात्रांच्या पुतळ्या केल्या. आठ पुरुष, आठ स्त्रिया, प्रत्येकाची जोडीदाराशी काहीतरी बातचीत चाललेली. केंडलरची माणसे भरलेल्या अंगाची आणि जमिनीवर घट्ट उभी. बुस्तेलीची सडपातळ, ताणलेली, जणू दुसऱ्या क्षणी वळणार. त्याच्या कापडाच्या घड्या गोल नाहीत. त्या कड्यासारख्या तुटतात, लाकडात पटाशीने कापल्यासारख्या, आणि त्या सपाट पैलूंवरून उजेड एकदम घसरतो. म्हणूनच त्याच्या पुतळ्या न रंगविताच अधिक खुलतात, असे आम्हांला वाटते. आणि टेकूचा प्रश्न? तो त्याने फार सुरेख सोडविला. ओंडका काढूनच टाकला. पातळ बैठकीतून रोकाय नक्षीची एक लाट उसळते आणि पुतळीच्या पायाला जाऊन भिडते. डोळ्याला ती नक्षी दिसते. भट्टीच्या दृष्टीने तोच खांब. गरज आणि शोभा ह्यांच्यात येथे शिवण सापडत नाही.

फ्रान्स आणि इंग्लंड ह्यांच्याकडे त्या काळी बराच वेळ केओलिनच नव्हते. फ्रान्समध्ये लिमोजजवळ ते सापडले १७६८ मध्ये. तोवर त्यांनी मऊ पोर्सेलिन चालविले. वाळू, सोरा, मीठ वगैरे वितळवून काचेसारखा पदार्थ करावयाचा, तो दळावयाचा आणि पांढरी चुनखडीयुक्त माती घालून मळावयाचा. हा गोळा इतका भुसभुशीत की त्यात साबण किंवा डिंक घालून आकार द्यावा लागे. ह्याची झिलई शिशाची. ती जाडसर, स्निग्ध, आणि तिच्यावर दिलेले रंग आगीत तिच्यात थोडे बुडतात. त्यामुळे चेल्सीच्या आणि नेपल्सजवळच्या कापोदिमोन्तेच्या पुतळ्यांना दुधावरच्या सायीसारखा जो मऊपणा आहे, तो माइसेनच्या काचेरी पांढऱ्यात नाही. जाणकार ह्या मऊपणावर जीव टाकतात. तो खरोखरच लोभस आहे. पण शिसे! इटालियन वैद्य रामाझ्झिनी ह्याने कामगारांच्या रोगांवर १७०० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात शिशाची झिलई हाताळणाऱ्या कुंभारांचे हात कापू लागतात, अंग लुळे पडते हे लिहून ठेवले. म्हणजे पुतळ्या घडविल्या जाण्याच्या कितीतरी आधी ही गोष्ट छापून झालेली होती. कठीण पोर्सेलिनच्या झिलईत शिसे नसते. पण त्यात गारेचे पीठ असते आणि कोरड्या पुतळीची कड घासताना त्याची धूळ उडते. ती छातीत बसली की सिलिकोसिस. ह्या धुळीने दम लागलेली माणसे आम्ही जवळून पाहिली आहेत. म्हणून एखाद्या पुतळीच्या गालाचा गुळगुळीतपणा पाहताना तो कशाने घासला असेल हा प्रश्न आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

झिलई गिळते, तर झिलईच देऊ नये, असा विचार फ्रेंचांनी केला. व्हँसेनचा कारखाना १७५६ मध्ये सेव्र येथे गेला. त्याच्या थोडेसे आधीपासून तेथे 'बिस्किट' पुतळ्या होऊ लागल्या होत्या. बिस्किट म्हणजे झिलई न दिलेले, नुसते भाजलेले पोर्सेलिन. संगमरवरासारखा मंद, कोरडा पोत. कोरलेले बारीकसारीक सगळे शाबूत राहते. उजेड येथे घसरत नाही, थांबतो. पण एक अडचण अशी की, झिलईखाली आणि रंगाखाली झाकून जाणारे सगळे दोष येथे उघडे. सांध्याची रेघ, राखेचा कण, बोटाचा डाग, काहीही लपत नाही. जोडणाऱ्याची खरी परीक्षा बिस्किटात. १७५७ पासून १७६६ पर्यंत फाल्कोने हा नामवंत शिल्पकार सेव्रच्या शिल्पखात्याचा प्रमुख होता. ओठांवर बोट ठेवून बसलेला त्याचा मदन त्याने संगमरवरात केला आणि १७५८ मध्ये तोच लहान करून बिस्किटात काढला. ह्या पांढऱ्या, शांत पोताबरोबर रोकोकोची मुरडही हळूहळू सुटत गेली आणि प्राचीन ग्रीक-रोमन पुतळ्यांचा सरळपणा आवडू लागला. तिकडे सॅक्सनीत १७५६ ते १७६३ ह्या सात वर्षांच्या युद्धात माइसेन प्रशियाच्या ताब्यात गेले, आणि केंडलरचे सर्वोत्तम दिवस मागे पडले.

ह्या पुतळ्यांचे विषय काय होते, हे सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाता येत नाही. मेंढपाळ, देव, नट हे तर आहेतच. पण पॅरिसच्या रस्त्यावर ओरडत माल विकणाऱ्यांच्या चित्रमालिका तेव्हा छापल्या जात, आणि त्यांवरून माइसेनमध्ये केंडलर आणि राइनिके ह्यांनी फेरीवाल्यांच्या पुतळ्या केल्या. ह्या फेरीवाल्यांचे कपडे स्वच्छ, गाल गुलाबी, पायाशी फुले. राजाचा पाहुणा गोड खाता खाता त्यांच्याकडे पाहून हसे. खऱ्या फेरीवाल्याला त्या टेबलाजवळ कोणी उभे केले नसते. पण मूळ चित्रांतले आणि केंडलरच्या हातांतले काही सत्य शिल्लक राहतेच: ओझ्याने एक खांदा खाली गेलेला, पट्टा मानेवर रुतलेला. झिलईने हेही गिळले नाही. ते कापताना त्याने खोल कापले होते.

खाणकामगारांच्याही पुतळ्या आहेत. सॅक्सनी हा खाणींचा मुलूख आणि खाणकऱ्यांचा गणवेष दरबारात मिरविला जाई. त्या पुतळीची माती आउए गावच्या सेंट आन्द्रेआस खाणीतून निघे. म्हणजे खाणकऱ्याने खणलेल्या मातीचा खाणकरी.

केंडलर कामाचे टिपण ठेवीत असे, म्हणून कोणता नमुना कोणाचा हे आज बरेच कळते. त्याशिवाय १७४० ते १७४५ ह्या काळात त्याने नेहमीच्या कामाची वेळ संपल्यावर केलेल्या नमुन्यांची, आकारणीसह, एक निराळी यादी आहे. सोप्या शब्दांत, तो त्याचा ओव्हरटाइमचा तक्ता. नमुनाकारांचा प्रमुख असूनही त्याने जादा कामाचा हिशेब लिहून मागितला, ह्याबद्दल आम्हांला त्याच्याविषयी आदर वाटतो. जोडणाऱ्यांचे आणि साचे भरणाऱ्यांचे असे तक्ते कपाटातल्या पुतळीशेजारी लावलेले नसतात. त्यांची खूण असलीच तर बैठकीच्या तळाशी, ओल्या मातीत दाबलेला एखादा आकडा, एवढीच.

संग्रहालयात हात लावू देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. पण पुतळी काचेच्या फळीवर ठेवलेली असेल तर थोडे वाकून खालून पाहावे. भाजताना आतली वाफ निघून जावी म्हणून ठेवलेले भोक दिसेल. बैठकीच्या कडेला झिलई पुसून काढलेली खरखरीत पट्टी दिसेल. पुतळी भट्टीत फळीला चिकटू नये म्हणून ती कोणीतरी ओल्या फडक्याने पुसलेली असते. आणि नशीब असेल तर निळ्या तलवारींच्या खुणेच्या बाजूला तो आकडाही.